हसऱ्याच्या पोटातली गाठ

"ही गाठ नाही," प्राण्यांचे डॉक्टर स्क्रीनवरचा एक्स-रे मोठा करत म्हणाले. "यानं काहीतरी गिळलंय."

टेबलावर थंड पाण्याच्या डब्यात हसऱ्या पडून होता. हसऱ्या म्हणजे मुलीचा लाडका ॲक्सोलॉटल, काचेच्या टाकीत पाळलेला सरड्यासारखा पाणजीव. वीतभर लांब, गळ्याशी पिसांसारखे गुलाबी कल्ले, आणि तोंडाची ठेवणच अशी की जीव जात असला तरी हसतोय असं वाटावं. पोटाच्या एका बाजूला बोराएवढा फुगवटा आला होता.

"तोंडात मावेल ते गिळतो हा प्राणी. बहुतेक वेळा खडेच निघतात," डॉक्टर म्हणाले. "पण ही बघा बारीक तार. आणि ही गोल दिसतेय ती बॅटरी. घरात कुणी कानाचं मशीन वापरतं का?"

बाप आपल्या चपलांकडे बघत राहिला.

"आजोबा," मुलगी म्हणाली. "ते सांगत होते. याला खायला घालताना मशीन टाकीत पडलं आणि यानं गिळलं म्हणून. रोज सांगत होते."

खरंच रोज सांगत होते. आधी सगळे पोट धरधरून हसले. मग म्हाताऱ्याला भ्रम झालाय यावर घराचं एकमत झालं. एरवी या घराचं कशावर एकमत होत नाही. वृद्धाश्रमाच्या बाईंनी फॉर्म भरताना लक्षणं विचारली, तेव्हा सुनेनं हाच किस्सा रंगवून सांगितला. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याला मशीनशिवाय त्यातलं अक्षर ऐकू आलं नाही. तो आपला सगळ्याला मान डोलवत होता. त्याला तिथे ठेवून आता महिना होत आला.

"मग आजोबांना आजच घरी आणू या ना, बाबा," मुलगी म्हणाली. "ते खरं बोलत होते."

बापानं तोंड उघडलं, बायकोकडे पाहिलं आणि मिटलं. लाज वाटली त्याला, चांगलीच वाटली.

"बॅटरी फुटली नाही हे नशीब. आत्ताच काढतो," डॉक्टर हातमोजे चढवत म्हणाले. "वाचेल बहुतेक. पण महिना-दोन महिने याला थंड, शांत जागा लागेल. टीव्ही नको, वर्दळ नको. तशी एखादी खोली आहे का घरात?"

"आहे की," मुलीची आई म्हणाली. "नुकतीच रिकामी झालीय."