थेंबांचं गणित

रोज महादेवावरच्या अभिषेकपात्रातलं दूध थेंब थेंब पडून संपेपर्यंत तोंडात काही घालायचं नाही, असं मी व्रत धरलं. एके दिवशी मला चक्कर आली. कोथरूडच्या कंपनीत कॉम्प्युटरवर थेंबांची गणितं मांडणारे आमचे हे पक्के नास्तिक. चिडलेच.

"अगं, दूध पाण्याहून दाट, वेळ लागणारच! भोक मोठं करतो."

"अहो, पण धार लागली तर व्रत मोडेल. आणि पात्राला हात लावायचा तो आंघोळ करूनच हं."

तेव्हापासून हे रोज आंघोळ करून देवघरात मांडी घालून बसतात, भोक जरा जरा मोठं करत, धार लागू नये म्हणून थेंबांवर नजर लावून.



'महादेवा, यांना एकदा तरी तुझ्यासमोर बसव', एवढ्यासाठीच तर व्रत धरलं होतं.