घरची बोली

"ने," मदिना म्हणाली आणि सगळा वर्ग हसला.

सरांनी जपानीत विचारलं होतं, कळलं का. जपानीत होकाराला 'हाय' म्हणतात. कोल्हापूरच्या पोरापोरींना जगात याहून सोपा शब्द नव्हता. तरी मदिनाच्या तोंडून कोरियन होकार निघाला. हे आता रोजचंच झालं होतं. पुण्याहून वर्ग घ्यायला येणारे सर चिडले नाहीत. तास संपल्यावर त्यांनी तिला थांबवून घेतलं आणि एवढंच सांगितलं, की तोंडी परीक्षेला मुंबईहून एक जपानी बाई येणार आहेत, आणि दोन डगरींवर पाय ठेवणारा मधल्या पाण्यात पडतो.

तिला ते पटलं. सगळं त्या परीक्षेवर अडलं होतं. मिरजेचं एक स्थळ घरी येऊन गेलं होतं. तिच्या अब्बांनी, निसारभाईंनी, त्यांना परीक्षेपर्यंत थांबवून ठेवलं होतं. पास झाली तर जपानी यंत्रं आणणाऱ्या पुण्याच्या कंपनीत दुभाष्याची नोकरी मिळण्याजोगी होती. नाहीतर मिरज. मंगळवार पेठेतल्या घरात भांडी घासताना ती क्रियापदं पुटपुटायची आणि मध्येच दुसऱ्याच भाषेचं क्रियापद येऊन बसायचं. घरात दखनी, दारात मराठी, एवढ्यावर तिचं आजवर सुरळीत चाललं होतं. आता तोंड उघडायचीच भीती वाटायची. जेवताना पाय हलत राहायचा, आणि अम्मी ओरडायची.

कॉलेजातून ती तशीच सायकलवरून फुलेवाडीकडं निघाली. कोरियन आजपासून बंद, हे सांगून टाकायचं होतं.

नाक्यापलीकडं पाककाकांची पोल्ट्री होती. ते मूळचे कोरियाचे. तिथल्या युद्धात ते कैद झाले. सुटका व्हायची वेळ आली तेव्हा उत्तरेतही जायचं नाही आणि दक्षिणेतही नाही म्हणाले, आणि कैद्यांवर पहारा करायला गेलेल्या भारतीय पलटणीबरोबर भारतात आले. पलटणीतल्या एका सुभेदाराच्या ओळखीनं त्यांनी कोल्हापूर गाठलं, कोंबड्या पाळल्या, शाहूवाडीकडच्या बायडाबाईंशी लग्न केलं. मूलबाळ झालं नाही. पासष्टच्या लढाईत 'पाक' हे आडनाव लोकांना खटकायला लागलं. तेव्हापासून सगळे त्यांना 'जपानी' म्हणत, आणि ते ऐकून घेत.

मदिनाही त्यांना जपानी समजूनच आली होती. ती भाषा त्यांना येत होती. लहानपणी त्यांच्या देशावर जपानचं राज्य होतं, शाळेत जपानीच चालायची, स्वतःची बोली तोंडातून निघाली की मार बसायचा. शिकवायला ते नाखूष होते. तेव्हा अंडी निवडत बसलेल्या बायडाबाई मध्येच बोलल्या होत्या, की पोरीला जपानी शिकवा, पण त्याबरोबर तुमची घरची बोलीपण शिकवा, नाहीतर दोन्ही नको. पाककाकाही चकित झाले होते. नवऱ्याला त्याच्या भाषेत बोलायला कुणीतरी हवं म्हणून बाई अट घालतेय, असं मदिनाला वाटलं होतं.

ती पोहोचली तेव्हा पाककाका शेडच्या सावलीत बाजेवर झोपले होते. बायडाबाई कोंबड्यांच्या भांड्यांत पाणी ओतत होत्या. मदिनानं सायकलवरून उतरता उतरताच सगळं सांगून टाकलं. सर काय म्हणाले ते, मिरजेचं स्थळ, परीक्षा. कोरियन सोडते म्हणाली. वाईट वाटून घेऊ नका म्हणाली.

बायडाबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी बादली खाली ठेवली. मग पदराला हात पुसत जवळ आल्या आणि आवाज बारीक करून म्हणाल्या, "सोड बाई. पर जायच्या आदी मला येक सांग. नूना काजीमा कोण हाय?"

मदिनाला कळेना.

"झोपंत हाका मारत्यात तिला. लगीन झाल्यापास्नं ऐकतोय मी. काजी म्हंजे तुमच्यातलंच नाव वाटलं मला. तिकडं बायकू सोडून आल्यात का काय?"

"काकांनाच विचारायचं की, मावशी."

"आन् ह्ये व्हय म्हणालं आस्तं तर?"

मदिनाला आता उमगलं. म्हणजे ती अट नवऱ्यासाठी नव्हतीच.

बाजेवर पाककाकांनी कूस बदलली. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, ओठ हलले, आणि त्या दणकट म्हाताऱ्याच्या गळ्यातून बारीक, घाबरा आवाज आला. "नूना... नूना, काजीमा."

बायडाबाईंनी मदिनाचा दंड धरला. मदिना ऐकत राहिली. कितीतरी दिवसांनी तिच्या डोक्यात दुसऱ्या भाषेतला एकही शब्द आडवा आला नाही.

"ते नाव नाही, मावशी," ती म्हणाली. "नूना म्हणजे थोरली बहीण. काजीमा म्हणजे जाऊ नको. 'ताई, जाऊ नको,' असं म्हणतायत काका."

बायडाबाईंनी मदिनाचा दंड सोडला. इतकी वर्षं त्यांनी जिचा राग केला, ती त्यांची नणंद होती. आपण काय सांगायला आलो होतो हे मदिनाच्याही ध्यानात राहिलं नाही.

पाककाका पुन्हा तेच पुटपुटले. बायडाबाई पुढं झाल्या. बाजेजवळ जाऊन त्यांनी नवऱ्याच्या कपाळावर हात ठेवला आणि मदिनाकडं मान वळवली.

"पोरी," त्या म्हणाल्या, "'न्हाय जात' कसं म्हणायचं, तेवढं शिकीव मला."