फौजदारांचा तपास

कादंबरीत सहाशे अठ्ठेचाळीस पानं होती, पेन्सिलीच्या नोंदी चार आणि खून एकही नव्हता. ऋजुताचे निवृत्त फौजदार सासरे एरवी दोन दिवसांत रहस्यकथा फस्त करत. ही त्यांनी एकेचाळीस दिवसांनी परत केली. लग्नाला आठ महिने होऊनही घरात तिच्याशी पुस्तकांवर बोलणारं कुणी नव्हतं, म्हणून तिनंच आपली लाडकी कादंबरी धीर करून त्यांना दिली होती.

कुकर लावून ती नोंदी वाचू लागली. पान तीस: 'धाकटी सून गप्प असते. संशयित.' पान दोनशे बारा: 'अजून प्रेत नाही. लेखिका झोपली की काय?' पान चारशे सहा: 'धाकटी निर्दोष. तिच्याशी कुणी बोलतच नाही.' शेवटचं पान: 'गुन्हा घडला. आरोपी अख्खं घर.'

"बाबा, आवडली?" तिनं दारातूनच विचारलं.

"फार लांबण लावलंय," ते चष्मा पुसत म्हणाले. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. "बस. धाकटी माहेरी निघून गेली, ते पटलं का तुला?"

कुकरला तीन शिट्ट्या पुरायच्या. त्या दिवशी अकरा झाल्या.