कडी

बाइंडरकाका संदर्भग्रंथांच्या कपाटाआड उभे होते. डाव्या हातात वाचनालयाची कादंबरी, उजव्या हातात कागद कापायचं पातं. आतल्या खोलीत कादंबरीच्या लेखिकाबाई ग्रंथपालबाईंबरोबर चहा पीत होत्या. त्यांचा चहा संपायच्या आत काकांना शेवटचं पान कापून काढायचं होतं.

जन्मभर काकांनी सुटलेली पानं बसवली होती. बसवलेलं पान कापायची वेळ आज पहिल्यांदाच आली होती, आणि तेही स्वतःच्या अक्षरातलं.

झालं होतं असं. नवी कोरी पुस्तकं काकांच्या वाट्याला कधी येत नसत. त्यांच्याकडे यायची ती पाठ मोडलेली, दोरा निघालेली, कोपरे झिजलेली. पण काका पुस्तकाची पारख त्यावरूनच करत. पुस्तक एकदा दुरुस्तीला आलं तर कुणाच्या हातून पडलं असेल. दुसऱ्यांदा आलं, की काका ते घरी नेऊन वाचत. लोक उगाच का इतकं हाताळतील? असा त्यांचा रोखठोक हिशोब. ही कादंबरी चारदा आली होती. चौथ्या खेपेला तिचं शेवटचं पानच गायब होतं. कुणाच्या तरी चिरंजीवांनी त्याचं विमान केलं असावं. बाजारात दुसरी प्रत मिळेना. काकांना मात्र शेवट तोंडपाठ होता. त्यांनी चांगला कागद घेतला, वळणदार अक्षरात पान लिहून काढलं आणि बसवून टाकलं. त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून गावातला प्रत्येक वाचक तेच पान वाचत आला होता.

आज बाई येणार म्हणून काका इस्त्रीचा सदरा घालून तासभर आधीच आले होते. बाई आल्या आणि चहाला आत गेल्या, तेव्हा टेबलावर त्यांनी ठेवलेली स्वतःची प्रत काकांना दिसली. काकांनी सवयीने तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग राहवेना, म्हणून शेवटचं पान उघडलं. मुलगा घर सोडून गेलाय, आई दाराशी आलीय. पुढे छापलं होतं: 'तिने दिवा मालवला, दार लावलं आणि कडी घातली.'

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांच्या पानावर होतं: 'तिने दिवा मालवला, दार लावलं. कडी मात्र घातली नाही.'

ज्या बाईंच्या एकेका ओळीसाठी जीव टाकला, त्यांच्याच पुस्तकात आपण अकरा वर्षं ढवळाढवळ करून ठेवलीय! आता बाई ते पान बघणार, आणि चार माणसांत विचारणार, हा कोण शहाणा?

पातं पानाला टेकलं, तेवढ्यात मागून आवाज आला.

"ते पुस्तक जरा बघू?"

लेखिकाबाई. चहा अर्धाच टाकून आल्या असाव्यात.

"याचं... जरा काम आहे, बाई. एक पान खराब झालंय."

"शेवटचं?"

काकांना खोटं बोलणं कधी जमलंच नव्हतं. त्यांनी मुकाट्याने पुस्तक पुढे केलं. बाईंनी चष्मा लावला, पान वाचलं, पुन्हा वाचलं. शेवटच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"वर्षातून दोन-तीन पत्रं मला या गावातून येतात," त्या म्हणाल्या. "एका नर्सचं आलं, एका शिक्षकांचं आलं, परवा एका ट्रक ड्रायव्हरचं. सगळ्यांना एकच वाक्य आवडलेलं, आणि ते मी लिहिलेलंच नाही. आधी वाटलं, अख्खं गाव माझी थट्टा करतंय. मग वाटलं, मलाच भ्रम झालाय. शेवटी म्हटलं, जाऊन बघावं तरी. हे अक्षर कुणाचं?"

"माझं." काकांनी कबूल केलं. "पान हरवलं होतं, बाई. मला वाटलं, मला पाठ आहे. देवाशपथ, मुद्दाम नाही केलं. तुमच्या प्रतीवरून आत्ता उतरवून घेतो, अर्ध्या तासात बसवून देतो. हे कापून टाकतो."

"पण बाकी सगळं अक्षर न् अक्षर बरोबर लिहिलंत. मग इथेच कसं चुकलं?"

काकांनी विचार केला. चुकल्याचं त्यांनाही आजच कळलं होतं.

"आई ना ती, बाई?" ते म्हणाले. "पोरगं बाहेर असताना कडी कशी घालेल?"

लेखिकाबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, आणि पुन्हा लावायचं विसरून गेल्या.

"माझ्या दाराची मी घातली होती," त्या हळूच म्हणाल्या. "अजून त्या ओळीशी आले, की मी पुस्तक मिटून ठेवते."

त्यांनी वाचनालयाचं पुस्तक नीट बंद करून कपाटात आपल्या हाताने ठेवलं. मग टेबलावरची स्वतःची प्रत आणून काकांच्या हातात दिली.

"यातलं शेवटचं पान गेलंय. बसवून द्याल?"

काकांनी प्रत उघडली. पान जागच्या जागी होतं, शिवणीत घट्ट. त्यांनी गोंधळून वर पाहिलं.

"गेलंय हो," लेखिकाबाई म्हणाल्या. "आणि अक्षर तुमचंच हवं."

पातं काकांच्या हातात होतंच.