ती गेल्यानंतरचं

“हे रक्त बाईचं आहे,” काउंटरमागची श्वेता म्हणाली. “सॅम्पल बदललंय बहुतेक. तुम्हाला परत द्यावं लागेल. सॉरी हां.”

नेव्हिलने मिशीवरून हात फिरवला. “बदललं नाहीये. ते माझंच आहे. म्हणजे, बहिणीचं.”

श्वेता बघतच राहिली. अंधेरीच्या या लॅबमध्ये तो पहिल्यांदाच आला होता, त्यामुळे त्याची गोष्ट इथे कुणाला ठाऊक नव्हती. त्याने ती थोडक्यात सांगितली. सहा वर्षांपूर्वी त्याला ब्लड कॅन्सर झाला. डॉक्टरांनी जालीम औषधं देऊन त्याचा स्वतःचा बोन मॅरो मारून टाकला आणि धाकट्या बहिणीचा, जोआनाचा, दिला. तेव्हापासून रक्त तिचं बनतं. ब्लड ग्रुपसुद्धा बदलला.

“मग आधी सांगायचं ना!” म्हणत श्वेता आत गेली आणि डॉक्टर ऋताला घेऊन आली.

ऋता खूश दिसली. “अहो, मग तर झकास रिपोर्ट आहे! तपासलेल्या सगळ्या पेशी बाईच्या, म्हणजे बहिणीच्याच आहेत. तुमची जुनी एकही सापडली नाही. बहिणीला फोन करा, पार्टी मागेल ती.”

भिंतीलगतच्या खुर्चीवरून त्याची आई, मार्सेलिना, म्हणाली, “ती गेली. मागच्या वर्षी.”

मार्सेलिनाने ते कुणाला पत्ता सांगावा तसं सांगितलं. जोआनाला काहीच झालेलं नव्हतं. मालाडच्या मार्केटात कोळणीशी पापलेटचा भाव करता करता डोकं धरून खाली बसली, ती उठलीच नाही. मेंदूतली नस फुटली होती.

नेव्हिलच्या दुखण्यात मार्सेलिनाने मरोळच्या चर्चमागे घरची कबर दुरुस्त करून घेतली होती. कुणाला न सांगता. नेव्हिलला ते नंतर कळलं, पण तो त्याबद्दल कधी बोलला नाही. त्याच कबरीत जोआनाला ठेवलं. तेव्हापासून आई त्याच्याशी कामापुरतं बोलायची. जेवलास का, गोळी घेतलीस का. प्रत्येक तपासणीला मात्र बरोबर यायची, आणि सुई टोचताना दुसरीकडे बघायची.

“आय अॅम सो सॉरी, आंटी,” ऋता म्हणाली. तिला आत निघून जाता आलं असतं, पण ती शेजारच्या खुर्चीवर बसली.

मार्सेलिना पर्सच्या बंदाशी चाळा करत होती. “मला एक सांग, बाय. ती तर गेली. मग याच्या अंगात जे तिचं रक्त आहे, ते जुनं झालं असेल ना?”

“ममा, चल,” नेव्हिल म्हणाला.

“थांब रे. मी तिला विचारते.”

“जुनं होत नाही, आंटी,” ऋता म्हणाली. “रक्तातली लाल पेशी तीन-चार महिने जगते, मग मोडते. हाडात रोज नव्या बनतात. तुमच्या मुलीच्या ज्या मूळ पेशी याच्या हाडांत जाऊन बसल्या ना, त्यांचं तेच काम. एकीच्या दोन होतात. त्यातली एक तशीच मागे राहते. दुसरी वाढते, पुन्हा विभागते, आणि तिचं रक्त होतं.”

“ती मागे राहते ती कशाला?”

“पुढचं बनवायला.”

मार्सेलिनाने मान हलवली. घरात कुणीतरी मागे राहावं लागतं, हे तिला समजावून सांगायची गरज नव्हती.

“म्हणजे आज जे आहे ते...”

“गेल्या काही महिन्यांतलं. जवळजवळ सगळंच.”

“ती गेल्यानंतरचं.”

“हो.”

“तिला न विचारता चाललंय हे सगळं?”

“पेशींना कळत नाही, आंटी, कोण आहे आणि कोण नाही. जागा आणि खाणंपिणं मिळालं की त्या काम करत राहतात.”

“तीपण तशीच होती,” मार्सेलिना म्हणाली आणि उठली.

परत सॅम्पल द्यायची गरज उरली नव्हती. नेव्हिलने वर सारलेली बाही तशीच राहिली. दोघं जिना उतरून रस्त्यावर आली. संध्याकाळ होत आली होती. मेट्रोच्या पुलाखाली रिक्षा एकामागून एक भरून चालल्या होत्या, मरोळला यायला कुणी तयार नव्हतं. दोघं गटाराच्या कडेला उभी राहिली.

नेव्हिलला काहीतरी बोलायचं होतं. मी राहिलो ते मी मागून घेतलं नव्हतं, असं काहीसं. वर्षभर ते त्याच्या तोंडाशी येऊन परत जात होतं. आत्ताही गेलं.

“हलू नकोस,” मार्सेलिना म्हणाली.

त्याच्या उघड्या दंडावर डास बसला होता. पोट भरून टम्म झालेला. तिने पटकन हात उगारला, मग तो क्षणभर तसाच हवेत राहिला, आणि तिने फटका मारला.

डास चिरडला. तिच्या तळहातावर लाल ठिपका उमटला, चांगला टिकलीएवढा. ती हात दिव्याकडे धरून बघत राहिली.

नेव्हिलने खिशातून रुमाल काढून पुढे केला.

तिने मूठ मिटली. “असू दे,” म्हणाली. “तू रिक्षा बघ.”