आंघोळीच्या बादलीतला पेशंट

"काका, माशांना डॉक्टर असतो का?" मैत्रिणींनी "विचारून दाखव" अशी पैज लावली होती, म्हणून फिशटँकच्या दुकानात मी मोठ्याने विचारलं. दाराशी त्या खिदळल्या.

दुकानदार काका हसले नाहीत. "अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके आलेत का?"

"हो! एक गोल्डफिश त्यानेच गेला. दुसऱ्याला वाचवायचंच आहे."

"मिठाच्या पाण्याच्या बादलीत दहा दिवस ठेव. मध्येच ठिपके गेले तरी काढू नकोस. तेव्हा रोग पाण्यात उतरलेला असतो, आणि मीठ त्याला तिथेच मारतं."

चौथ्या दिवशी ठिपके गेले. "झाला ना बरा तुझा पेशंट?" म्हणत आईने आंघोळीची बादली मागितली. बाबा टॉवेल खांद्यावर टाकून उभेच.

मी बादलीसमोर ठाण मांडलं. "आई, बाबा, अजून सहा दिवस बादली माझ्या माशाची. तुम्ही पातेल्यातून आंघोळ करा!"