तालुक्याला एक दवाखाना

नागपूरच्या कौन्सिलात डोणगावच्या उकंडरावांचं भाषण चांगलंच गाजलं होतं. मोठ्या गावांना सरकारी दवाखाना द्यायचा आणि त्यासाठी जमिनीवर थोडा कर बसवायचा, असा ठराव आला तेव्हा ते ताडकन उठून म्हणाले होते, "तालुक्याला एक दवाखाना आहे, तो पुरे. आजारी माणूस गाडी जुंपून जाईल!" ठराव पडला, कर टळला आणि खूश होऊन गावानं त्यांना हार घातले.

आज तेच उकंडराव ओसरीवर येरझाऱ्या घालत होते. आत त्यांची लेक कोकिळा कळा देत होती. तिचं कण्हणं मधेच थांबलं की ते दाराशी जाऊन कान देत. तेवढ्यात बिस्मिल्ला दाई हात पुसत बाहेर आली.

"मालक, पोर आडवं हाय. हे माह्या हातचं काम नाही. डाक्तर पाह्यजे."

"गाडी जुंपतो! तालुक्याले, मेहकरच्या दवाखान्यात नेतो!"

"ह्या रस्त्यानं? दोघंबी वाटेतच जातीन."

त्यांनी घोड्यावर माणूस पिटाळला, पण डॉक्टर यायला दिवस मावळणार होता. खांबाला धरून ते पुटपुटले, "देवा, मेहकर जवळ असतं तं!"

 

दारातून मनकर्णाबाई रडत नवऱ्याला म्हणाल्या, "पोरीचं सासर त्या दवाखान्याच्या भिंतीले लागूनच हाय. जावई नाही म्हणत होते, तं 'पह्यलं बाळंतपण माहेरीच' म्हणून तुम्हीच गाडी जुंपून तिले घेऊन आले!"